चित्र न्यायालयात साक्ष देऊ शकते का?

प्रश्न (अध्यापिका, मुंबई)
नमस्कार. मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा शिकवते. न्यूरेंबर्ग खटल्याचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्याचा, तास चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, की २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब टाकणाऱ्या नाझी जर्मनीच्या वैमानिकांना आणि त्यांच्या साथीदारांना शिक्षा झाली का. त्या हल्ल्यासाठी न्यूरेंबर्गच्या निकालात कोणालाही दोषी ठरवलेले नाही, हे मी सांगितले. त्यावर ती म्हणाली, "मग त्या हल्ल्यावरच्या पिकासोच्या 'गेर्निका' चित्राने नेमके काय केले?" मला समाधानकारक उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून हा प्रश्न मनातून जात नाही. युद्धगुन्ह्याचे चित्र पुरावा ठरते, की ते केवळ शोकासाठी असते?

उत्तर १ (वकील, फोर्ट)
मॅडम, कंबोडियाचे चित्रकार व्हान नाथ पाहावेत. ख्मेर रूज या तिथल्या क्रूर कम्युनिस्ट राजवटीच्या एस-२१ तुरुंगातून वाचलेल्या मोजक्या कैद्यांपैकी ते एक होते. त्या राजवटीचा प्रमुख पोल पॉट याची चित्रे काढून घेण्यासाठीच त्यांना जिवंत ठेवले होते. सुटकेनंतर त्यांनी तिथला छळ रंगवला आणि २००९ मध्ये तुरुंगप्रमुख डुच याच्याविरुद्ध साक्ष दिली. त्या वेळी त्यांची चित्रे न्यायालयात दाखवली गेली आणि कोणता प्रसंग त्यांनी डोळ्यांनी पाहिला, कोणता इतर कैद्यांकडून ऐकला, याची विचारणा झाली. आपल्याकडेही प्रत्यक्षदर्शी आणि ऐकीव पुरावा यांत हाच भेद करतात. त्यामुळे चित्र एकटे साक्ष देत नाही. चित्रकार शपथेवर उभा राहिला, तर त्याच्या शब्दाला ते आधार देते. डुचला २०१२ मध्ये अपिलात जन्मठेप झाली.

उत्तर २ (एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवरून छापचित्रे करणारा, गिरगाव)
वकीलसाहेबांनी सांगितलेला भेद गोया या स्पॅनिश चित्रकाराने स्वतःच केला होता, हे मला फार मोलाचे वाटते. त्याच्या युद्धविषयक ८२ ठशांपैकी (छापचित्रांपैकी) ४४व्या ठशाखाली 'मी हे पाहिले' अशा अर्थाचे शब्द आहेत. प्रत्येक ठशाखाली त्याने तसे लिहिलेले नाही. यांतले ८० ठसे १८६३ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी, संच म्हणून प्रथम प्रकाशित झाले, त्यामुळे त्याच्या हयातीत या ठशांच्या आधारे कोणाला जाब विचारला जाणे शक्यच नव्हते. आणि २६व्या ठशात तर मारणारे दिसतच नाहीत. गुडघ्यांवर बसलेली, गयावया करणारी माणसे दिसतात आणि उजव्या कडेने आत घुसलेल्या फक्त संगिनी. मी स्वतः प्लेटवर काम करताना या कडेशी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो, कारण चित्रकाराला मरणाऱ्यांचे चेहरे हवे होते.

अध्यापिका
आणि कायद्याला त्या कडेबाहेरचा माणूस हवा असतो. केवळ संगीन धरणारा नव्हे, तर हुकूम देणारा, आणि माहीत असूनही न रोखणारा वरिष्ठसुद्धा. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या रोम संविधी या कराराचे २८वे कलम याच वरिष्ठांविषयी आहे, जरी भारत त्या संविधीत सामील नसला तरी. पुढच्या तासाला हा २६वा ठसा वर्गात लावणार आहे आणि विद्यार्थ्यांना कडेबाहेरच्या माणसांविरुद्धचे आरोपपत्र लिहायला सांगणार आहे.