मयत फंड बंद करा म्हणणाऱ्यांनो, एक रात्र आमच्याबरोबर काढा

चाळकरी_लालबाग
परवा इथे 'हिशेबनीस' यांनी पोस्ट टाकली होती की मुंबईतल्या कोकणी ग्रामस्थ मंडळांनी आता मयत फंड (सभासद गेला की घरटी पैसे काढून त्याच्या घरच्यांना द्यायचे तो), शालेय मदत वगैरे प्रकार गुंडाळावेत, सभासदांचा सरकारी विमा काढावा आणि मोकळं व्हावं. वर शेवटी टोमणा, की आपलेच पैसे आपल्याच लोकांना वाटण्याला धर्मादाय म्हणत नाहीत. तीन दिवस गप्प बसलो, आज राहवलं नाही. लांबलचक होणार आहे, ज्यांना कंटाळा त्यांनी पुढे जा.

२००९, दिवाळीला चार दिवस. वडील गेले रात्री पावणेदोनला, सरकारी हॉस्पिटलात. मी चोवीस वर्षांचा, खिशात सहाशे रुपये, आई बाकड्यावर बसलेली आणि वॉर्डबॉय विचारतोय बॉडी कुठे न्यायची. मी एकच फोन केला, मंडळाच्या चिटणीस काकांना. तीन वाजेपर्यंत चौदा गाववाले खाली उभे. कोणी कागदपत्रांच्या मागे, कोणी अँब्युलन्सवाल्याशी घासाघीस करतोय (दिवाळीच्या तोंडावर संगमेश्वरपर्यंत यायला कोणी तयार होत नव्हता), खजिनदार तर लेंग्यावरच आलेले, दहा हजार रुपये रुमालात बांधून. माझ्याकडून एक सही नाही घेतली. दोघं जण गाडीत बसून गावापर्यंत आले, तिकडे वाडीत लाकडं तयार होती. तेराव्याच्या आत घरटी ५० रुपये गोळा झाले, ३४० घरांचे १७ हजार. आईच्या हातात दिले आणि वहीत लिहिलं.

हे मंडळ काय आहे हे ज्याला माहीत नाही तो मयत फंडाकडे पासबुकासारखं बघतो. आमचे आजोबा ज्या गाळ्यात, म्हणजे चाळीतल्या खोलीत, राहिले तिथे १६० फुटांत वीस-बावीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची, एक मिलमधून आला की दुसरा उठायचा. आजारी पडला की सावकारी करणाऱ्या पठाणाकडे हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून महिन्याला आणे टाकायचे, त्याचं हे मंडळ झालं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, त्या दिवसांत गावावरून तांदळाची पोती यायची ती याच गाळ्यात उतरायची. विमा कंपनी येणार होती का?

हिशेबनीस
वाचलं. वडिलांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण तुम्ही भावनेवर बोललात, मी आकड्यावर बोललो होतो. तुमच्या घरी आले २७ हजार. सरकारच्या जीवन ज्योती विम्यात वर्षाला ४३६ रुपयांत २ लाख मिळतात, अपघाताचा विमा तर २० रुपयांत २ लाख. मंडळाची वर्षाची वर्गणी किती आहे तुमची? तीनशे? पाचशे? तेवढ्यात दोन्ही निघतात. आणि धर्मादाय शब्दाबद्दल मी ठाम आहे. गरजू कोण हे न बघता फक्त पावती फाडलेल्यालाच द्यायचं याला परस्पर मदत म्हणा, भिशी म्हणा. मग त्याच मंडळाने ट्रस्ट म्हणून नोंदणी करून, बोर्डावर 'धर्मादाय' लिहून बाहेरच्या दुकानदारांकडून देणग्या कशाला मागायच्या?

चाळकरी_लालबाग
२००९ ला तुमची जीवन ज्योती होती का हो? २०१५ ला आली ती. आणि पन्नाशीनंतर त्यात नाव घालता येत नाही, पंचावन्नला कव्हर संपतं. आमचे निम्मे सभासद साठीच्या पुढचे. मरतात कोण, पंचविशीतले? २ लाख येतील तेव्हा येतील, मृत्यूचा दाखला, नॉमिनी, बँकेत खेपा. रात्री तीन वाजता अँब्युलन्सवाल्याला क्लेम फॉर्म दाखवू?

हिशेबनीस
वयाचा मुद्दा मान्य. तेवढाच.

लेस्टरकर
इकडे इंग्लंडमध्ये फ्रीमेसन लोकांचं बघा, ती पण सभासदांची जुनी बंधुसंघटनाच, त्यांच्या शाखांना लॉज म्हणतात. लंडनला १७८८ मध्ये मेसनांच्या मुलींसाठी शाळा काढली त्यांनी, म्हणजे सभासदाच्या कुटुंबाला मदत ही कल्पना काय आपल्या चाळीतलीच नाही. २०१६ ला त्यांच्या चार वेगवेगळ्या संस्था एकत्र करून एकच फाउंडेशन केलं. सभासद, विधवा, मुलं, सगळ्यांना मदत आणि शिवाय बाहेरच्या संस्थांनाही देणगी देतात. व्यवस्थित अर्ज, व्यवस्थित चौकशी, कोणाचा कोणावर उपकार नाही. आपल्याकडे हे का जमत नाही?

चाळकरी_लालबाग
त्यांच्या लॉजात साहेबलोक बसायचे, आमच्या गाळ्यात जॉबर (गिरणीतले मुकादम) आणि बदली कामगार. शिवाय तुमच्याकडे एनएचएस आहे, सरकारी दवाखाना सगळ्यांना. तुलना करायची तर जरा बरोबरीची करा.

माहेरवाशीण
मी बोलू का? कारण इथे सगळे पुरुषच बोलतायत.

माझे वडील ३१ वर्षं सभासद होते, एक वर्षाची वर्गणी चुकवली नाही, पावत्या अजून कपाटात आहेत. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. वडील गेले तेव्हा मयत फंड मिळाला, नाही म्हणत नाही, माणसंही आली. पण पुढच्या जूनमध्ये बहिणीच्या बारावीसाठी शालेय मदतीचा अर्ज केला तर उत्तर काय, की सभासदत्व वडिलांच्या नावावर होतं, ते संपलं. मग माझ्या नावाने पावती फाडा म्हटलं तर एक काका हसत म्हणाले, तू आता सासरच्या मंडळात भर. सासरचं मंडळ म्हणतं सभासद नवरा आहे. म्हणजे माझ्या मरणाला कोण येणार ते दोन मंडळांनी आपसात ठरवायचं. वडिलांची ३१ वर्षं कोणाच्या खात्यात गेली?

तळकोकणी
ताईंचं बरोबर आहे पण मूळ दुखणं वेगळंच आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. खोली!!! मंडळांच्या खोल्या कुठे गेल्या? आमच्या गावाची परळला खोली होती, पागडीची (एकदाच मोठी रक्कम देऊन जुजबी भाड्याने कायमची), ६० साली सगळ्या गावाने पैसे काढून घेतली. तेव्हा मंडळ रजिस्टर नव्हतं म्हणून भाडेपावती एका मानकऱ्याच्या नावाने केली, विश्वासाने. मानकरी गेले, मुलगा राहायला आला, आता नातू म्हणतो आमच्या आजोबांची खोली. आणि आता रिडेव्हलपमेंट आलं. बीडीडी चाळींत १६० फुटांच्या बदल्यात ५०० फूट मिळतायत हे बघितल्यापासून सगळ्यांच्याच तोंडाला पाणी सुटलंय. गावाच्या पैशाने घेतलेली खोली, त्यावर एका घराचा फ्लॅट. ती खोली मंडळाकडे असती तर भाड्यातूनच सगळ्यांची पोरं शिकली असती, कशाला पाहिजे घरटी ५० रुपये.

चाळकरी_लालबाग
हा विषय वेगळा आहे. वेगळा धागा काढा.

तळकोकणी
वेगळा कसा? तुमच्या गाळ्याची भाडेपावती कोणाच्या नावावर आहे ते सांगा आधी.

हिशेबनीस
उत्तर यायची वाट बघतोय मी पण. तोवर एक माहिती. मंडळ सार्वजनिक ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल तर त्याची स्थावर मालमत्ता विकायला १९५० च्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. पण ती मालमत्ता ट्रस्टच्या नोंदीत चढवलेली पाहिजे ना. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तोही कित्येक मंडळं देत नाहीत, आयुक्तांकडे कागदावर अजून स्वर्गवासी अध्यक्षच कारभार बघतायत.

कुडकार
गोंयचा माणूस मध्ये घुसतो, माफी. आमच्या मुंबईतल्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या, सेम टू सेम. धोबीतलाव, माझगाव, प्रत्येक गावाची कूड, गावच्या सायबाचं (संताचं) अल्तार, रात्री तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना, वर्षाला फेस्त. माझे बाबा तारवटी, जहाजावरून उतरले की कुडीत ट्रंक ठेवायचे आणि पुढच्या जहाजाची वाट बघायचे. पैसे नसले तरी चालायचं, नोकरी लागली की भर. कोण आजारी पडला तर गावी पोचवायचं काम कूडच करायची. आता तरणे पोरगे येत नाहीत, सरळ गल्फ नाहीतर लंडन, आणि रिकाम्या कुडीवर बिल्डरचा डोळा. तळकोकणी, तुमचं दुःख समजलं. पण आमच्याकडे निदान कूड सायबाच्या नावाची आहे, अल्तार उचलून घरी न्यायला माणूस जरा घाबरतो.

तळकोकणी
आमच्याकडे देवाच्या नावाच्या जमिनी पण गेल्या, काय घाबरत नाय कोण.

पुण्याचा_भाचा
पागडीची खोली नातवाला कायद्याने मिळते का पण? तो आजोबांबरोबर तिथेच राहत होता का?

तळकोकणी
मुलगा राहत होता हो. तोच तर घोळ आहे. तुम्ही वकील आहात का? असाल तर जरा सांगा, गावाकडे ६० सालची वही आहे, कोणी किती दिले ते सगळं लिहिलंय, अंगठे पण आहेत.

पुण्याचा_भाचा
नाही, बँकेत आहे. पण ती वही आधी स्कॅन करा, वाळवी लागायच्या आत.

वाडीबाहेरचा
मजा वाटते सगळं वाचून. 'गाव' 'गाव' चाललंय. चाळकरी साहेब, तुमच्या ३४० घरांत आमच्या वाडीची घरं किती? शून्य असतील. नाव 'अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई' आणि आत एकाच जातीच्या वाड्या. आमचे आजोबा पण त्याच गावचे, त्याच बोटीने आले, त्याच गिरणीत लागले. फक्त विणकामात घेत नव्हते, तुटलेला धागा तोंडाने ओढायचा असतो, त्याला आमचा विटाळ नको म्हणून. आणि तुमच्या गाळ्यात पण घेत नव्हते. आम्ही आमचं मंडळ वेगळं काढलं, आमची माणसं आम्हीच पोचवली. तेव्हा बंधुभाव वगैरे ठीक आहे, पण बोर्डावरचं 'ग्रामस्थ' खोडा किंवा दार उघडा.

चाळकरी_लालबाग
झालं, आली जात. मी माझ्या बापाच्या मयतीबद्दल लिहिलं आणि तुम्ही इथे कुठे पोचलात. त्या रात्री आलेल्या चौदांत कोण कुठल्या वाडीचा हे मी बघत बसलो नव्हतो.

वाडीबाहेरचा
बघायची गरज तुम्हाला पडली नाही, कारण सगळे एकाच वाडीचे होते. आम्हाला पडते.

हिशेबनीस
यात आयकराचा पण मुद्दा आहे, १९६२ नंतर काढलेला ट्रस्ट एका विशिष्ट जातीच्या वा धर्माच्याच फायद्यासाठी असेल तर त्याला धर्मादाय म्हणून करसवलत मिळत नाही. म्हणून तर मंडळाच्या घटनेत 'समस्त ग्रामस्थ' लिहायचं आणि…

चाळकरी_लालबाग
तुम्ही थांबा हो जरा. प्रत्येक ठिकाणी कलम घेऊन येऊ नका.

लेस्टरकर
म्हणूनच म्हटलं होतं व्यवस्थित अर्ज पाहिजेत.

तळकोकणी
लेस्टरकर तुम्ही झोपा आता, तिकडे रात्र झाली असेल.

चाळकरी_लालबाग
काल रागात लॉगआउट केलं. आज चिटणीस काकांच्या मुलाला फोन केला (काका आता नाहीत, त्यांनाही आम्हीच गावाला नेलं). तीन गोष्टी विचारल्या.

एक, गाळ्याची भाडेपावती मंडळाच्या नावाने आहे. तळकोकणी, झोपा आता शांत. फक्त ती ट्रस्टच्या नोंदीत चढवलीय की नाही हे त्याला माहीत नाही, 'बघावं लागेल' म्हणाला. हिशेबनीस, हसू नका.

दोन, मुलगी सभासद होऊ शकते का. घटनेत 'पुरुष' असं कुठेही लिहिलेलं नाही, 'गावचा मूळ रहिवासी व त्याचे वारस' एवढंच आहे. म्हणजे इतकी वर्षं जे चाललंय ते सवयीने चाललंय. ताई, तुमचं मंडळ वेगळं असेल, पण घटनेची प्रत मागा, तुमच्याकडेही असंच निघण्याची शक्यता आहे.

तीन, ३४० घरांत त्या वाडीची घरं. नाहीत. एकही नाही. त्याला विचारलं का नाहीत तर म्हणाला त्यांचं मंडळ आहे ना वेगळं. मी पुढे काही बोललो नाही. वाडीबाहेरचा, तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही, तुमच्या बोलण्याची पद्धत अजूनही मला पटलेली नाही.

पण मयत फंड बंद करायचा नाही, यावर मी मरेपर्यंत ठाम.

हिशेबनीस
मरेपर्यंतच लागेल, नंतर फंडाचं काम. बरं, माझंही थोडं मागे घेतो. विमा काढा आणि रुमालातले दहा हजार पण ठेवा. दोन्ही ठेवा. ऑडिट मात्र करा.

वाडीबाहेरचा
जिंकायला आलोच नव्हतो. पत्ता द्या, वर्गणी भरायला येतो. बघू पावती फाडतात का.

माहेरवाशीण
मी पण. घटनेची प्रत मागितली, 'सापडली की व्हॉट्सॲप करतो' म्हणाले. आणि वर्गणी जीपेने चालेल का तुमच्याकडे?

चाळकरी_लालबाग
जीपे नाही. खजिनदार ७१ वर्षांचे आहेत, रोख लागते आणि सुट्टे आणा. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सभा असते, संध्याकाळी पाचची, सुरू होते साडेसहाला.