‘नेहा अँड मी’ की ‘नेहा अँड आय’? अर्ध्या गुणाचा वाद

अंत्रुजकर: फोंड्यात दहावीला असलेल्या माझ्या भाचीने इंग्रजीच्या चाचणीत ‘सर चोज टू गर्ल्स, नेहा अँड मी, फॉर द स्किट’ असे वाक्य लिहिले. तपासणाऱ्यांनी लाल शाईने ‘मी’ खोडून वर ‘आय’ लिहिले आणि अर्धा गुण कापला. माझ्या मते मुलीचेच बरोबर आहे. ‘नेहा अँड मी’ ही ‘टू गर्ल्स’ यांचीच ओळख आहे आणि ‘टू गर्ल्स’ हे ‘चोज’ या क्रियापदाचे कर्म असल्यामुळे त्यांची ओळख सांगणाऱ्या सर्वनामालाही कर्माचेच रूप हवे. मधले शब्द बोटाने झाकून ‘सर चोज आय’ असे वाचून पाहावे, म्हणजे कानाला खटकते. ‘टू गर्ल्स, नेहा अँड आय, अ‍ॅक्टेड इन द स्किट’ असे वाक्य असते, तर मात्र ‘आय’ योग्य ठरला असता, कारण तिथे त्या दोघी कर्त्या आहेत. मराठीतही आपण ‘सरांनी आम्हा दोघींना, नेहाला आणि मला, निवडले’ असेच म्हणतो. गंमत एवढीच की इंग्रजीतला ‘मी’ कर्म आणि आपला ‘मी’ कर्ता, त्यामुळे देवनागरीत लिहिताना माझाही दोनदा गोंधळ झाला.

डिचोलीचा मास्तर: मी ती उत्तरपत्रिका तपासलेली नाही, तरीही तपासणाऱ्याची बाजू मांडतो. ‘मी अँड माय फ्रेंड वेन्ट टू म्हापसा’ अशी वाक्ये वह्यांमधून वर्षानुवर्षे खोडल्यावर ‘अँड’नंतर ‘आय’ लिहा, असे सोपे सूत्र द्यावे लागते. चाळीस मुलांच्या वर्गात कर्ता-कर्माची फोड प्रत्येकाच्या गळी उतरत नाही. शिवाय मराठीचा दाखला इथे लागू पडत नाही. ‘माझा मित्र रमेश याला बोलाव’ या वाक्यात ‘माझा मित्र’ कर्माकडे निर्देश करत असूनही प्रथमेतच राहतो आणि त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही.

अंत्रुजकर: मास्तर, तिथे विभक्तीचा भार ‘याला’ उचलतो, पुढची नावे त्याच्या आधाराने उभी असतात. ‘याला’ काढून ‘माझा मित्र रमेश बोलाव’ म्हणून पाहा. आणि रागावू नका, पण आपण सांगितलेले सूत्रच या चुकीचे मूळ आहे. ‘मी’ लिहिल्यावर ओरडा खाल्लेले मूल पुढे ‘मी’ला इतके घाबरते की ‘बिट्वीन यू अँड आय’सुद्धा शुद्ध समजून लिहिते.

मांडवीकाठ: तीच रचना शेक्सपियरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकात अँटोनियोच्या पत्रात आहे, त्यामुळे चूक म्हणायचीच असेल, तर ती चारशे वर्षांहून जुनी आहे. जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्ती होत्या. त्या झडल्या आणि आता कर्ता-कर्माचा भेद ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘वुई’, ‘दे’ आणि ‘हू’ एवढ्यांपुरता उरला आहे. ‘यी’ हे कर्त्याचे रूप जाऊन ‘यू’ हे कर्माचे रूप दोन्ही जागी बसले, त्याचे आज कोणाला सोयरसुतक नाही. शिवाय ‘द विनर्स वेअर द टू फ्रॉम फोंडा, नेहा अँड मी’ या वाक्याचे काय करायचे? जुन्या व्याकरणाप्रमाणे तिथे ‘आय’ हवा, पण ‘इट इज मी’ म्हणणारा माणूस तिथे ‘मी’च म्हणेल. म्हणून गुण कोणाचेच कापू नयेत.

पणजीचा लेखनिक: ‘वेअर’चे उदाहरण खरोखर अडचणीचे आहे, हे मान्य, पण ‘चोज’च्या बाबतीत तशी अडचण नाही. अर्जांचे मसुदे तपासताना मला दर महिन्याला ‘अ रिक्वेस्ट फ्रॉम वुई, द रेसिडेंट्स ऑफ धिस वॉर्ड’ असे लिहिलेले आढळते. हे बहुधा संविधानाच्या उद्देशिकेवरून येते. तिथे ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया’ हा कर्ता आहे. त्याची ‘अ‍ॅडॉप्ट, एनॅक्ट’ ही क्रियापदे पार शेवटी येतात, पण लोकांच्या लक्षात पहिले पाच शब्दच राहतात आणि ते जसेच्या तसे ‘फ्रॉम’पुढे चिकटवले जातात. तिथे ‘अस’ हवे. हेच लोक मराठी अर्जात ‘आम्हा रहिवाशांकडून’ असे बिनचूक लिहितात, ‘आम्ही रहिवाशांकडून’ असे कधी लिहीत नाहीत. मांडवीकाठ, बोलताना आपले म्हणणे चालेल. परंतु परीक्षेत बरोबर रूप खोडून चुकीचे लिहिणे हे उदार धोरण कसे?

डिचोलीचा मास्तर: ‘चोज’पुढे ‘आय’ चुकीचा, हे मी मान्य करतो. सूत्र मात्र सोडणार नाही. ‘अँड’च्या अलीकडचे नाव झाकून वाचा, एवढी त्याला जोड देईन.

अंत्रुजकर: तेवढे पुरे आहे. सोमवारी उत्तरपत्रिका पालकाच्या सहीने परत द्यायची आहे. समासात पेन्सिलीने ‘सर चोज आय?’ एवढेच लिहून ती पाठवतो.