मदत हवी आहे: स्किझोफ्रेनियात लक्ष आणि स्मरणशक्तीसाठी आरटीएमएस (मेंदूला चुंबकीय स्पंदनं देण्याचा उपचार), कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारते आहे. वय 31. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. आवाज ऐकू येणं, संशय घेणं हे सगळं आता बरीच वर्षं आटोक्यात आहे. रिस्पेरिडोन आणि सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल चालू आहे, गोळ्या स्वतःहून घेतो.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. बाबांचं नाशिकला हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, तिथे तो रोज बसतो. गिऱ्हाईक सांगतं, "पाव किलो दीड इंची खिळे, दोन कड्या आणि एक पॉलिश पेपर." तो आत जातो, खिळ्यांच्या डब्यापाशी पोचतो आणि तिथेच थांबतो. पुढचं सुटलेलं असतं. परत येऊन विचारतो. कुणी समजून घेतं, कुणी वैतागतं. वैतागलं की तो त्या दिवशी काउंटरवर येत नाही, मागे गोदामात बसून राहतो. पैसे मोजताना मधे कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. नातेवाईक याला आळशीपणा म्हणतात आणि मला त्याचा फार संताप येतो. हा आजाराचाच भाग आहे. अनेकांमध्ये तो आवाज ऐकू येण्याच्याही आधीपासून असतो, आणि आवाज थांबवणाऱ्या औषधांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही.

ओळखीच्या एकांनी आरटीएमएस करणारं एक खाजगी क्लिनिक सुचवलं, म्हणून त्याला घेऊन गेलो. आईने आत शिरताच विचारलं, "शॉक देणार का?" तसं नाही. शॉकमध्ये भूल देऊन मुद्दाम झटका आणतात. इथे माणूस जागा असतो, खुर्चीत बसलेला. डोक्यावर कॉइल धरतात, तिच्यातल्या चुंबकीय स्पंदनांनी कवटीखालच्या मेंदूच्या भागात बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. 1985 साली इंग्लंडमध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं. भावाला कानात बोळे घालायला दिले, कारण कॉइल टकटक असा मोठा आवाज करते. डाव्या बाजूला कॉइल सरकवत नेली आणि एका जागी त्याचा उजवा अंगठा आपोआप उडाला. त्यावरून प्रत्येकाची मात्रा ठरवतात म्हणे. तो घाबरला नाही, उलट "पुन्हा करा" म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याला कशात तरी रस घेताना पाहिलं.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. तीस सेशनचं पॅकेज, पैसे आधी, मधे सोडलं तर परत नाहीत. रक्कम आमच्यासाठी मोठी आहे. काय सुधारेल विचारलं तर "लक्ष, स्मरणशक्ती, निर्णयक्षमता, सगळंच." सुधारलं हे मोजणार कसं विचारलं तर "घरच्यांना जाणवेलच."

मी वाचलं त्यावरून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) आरटीएमएसला 2008 मध्ये डिप्रेशनसाठी परवानगी दिली, 2018 मध्ये ओसीडीसाठी (मंत्रचळ), 2020 मध्ये सिगारेट सोडवण्यासाठी. स्किझोफ्रेनियातल्या विचारशक्तीसाठी अशी परवानगी नाही. टोरांटोच्या संशोधकांना 2013 मध्ये एका छोट्या चाचणीत वर्किंग मेमरी सुधारलेली दिसली. वर्किंग मेमरी म्हणजे काम होईपर्यंत गोष्ट डोक्यात धरून ठेवणं, नेमकं आमच्या खिळे-कड्यांचंच दुखणं, म्हणून मी हरखून गेले होते. पण तिथेच नंतर झालेल्या मोठ्या चाचणीत, 2021 मध्ये, खऱ्या आणि खोट्या (तुलनेसाठी नुसतीच लावलेल्या) कॉइलमध्ये फरक निघाला नाही.

तर तुमच्यापैकी कुणाच्या घरी नेमकं यासाठी हे केलंय का? रोजच्या कामात फरक पडला का, आणि तो टिकला का? क्लिनिकला मी अजून काय विचारायला हवं? डिप्रेशनला फायदा झाला असेल तर तेही सांगा, पण वेगळं सांगा. त्याला आता कुठे आशा वाटू लागली आहे. ती खोटी ठरू नये एवढंच बघते आहे.

– मृण्मयी_

प्रतिसाद: सदाशिव_काका

मृण्मयी, माझ्या पत्नीला डिप्रेशनसाठी आरटीएमएस दिलं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून फरक दिसला. पहिले काही दिवस डोकं दुखायचं, साध्या गोळीने थांबायचं. तिचं विसरणंही कमी झालं, पण आमच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की मन हलकं झाल्यामुळे लक्ष लागायला लागलं. तुझ्या भावाला त्याच कारणाने फायदा होईल असं मी म्हणणार नाही. पैसे आधी भरू नकोस. आम्ही दर आठवड्याला भरले.

प्रतिसाद: डॉ_अनघा

ताई, मी मनोविकारतज्ज्ञ आहे. त्याला तपासलेलं नाही, त्यामुळे हे फक्त दिशा म्हणून घ्या.

2020 मध्ये मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांतल्या 82 अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, एकूण 2784 लोक. वर्किंग मेमरीवर आरटीएमएस आणि टीडीसीएस (डोक्याला अगदी सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा उपचार) दोन्हींचा परिणाम 0.17 एवढा निघाला. म्हणजे खरे उपचार घेतलेला सरासरी माणूस खोटे उपचार घेतलेल्या 100 पैकी साधारण 57 जणांच्या पुढे. काहीच परिणाम नसता तर हा आकडा 50 असता. टीडीसीएसने लक्ष देण्याच्या क्षमतेतही थोडी भर पडली. तपासलेल्या बाकी पाच क्षमतांमध्ये ठोस काही हाती लागलं नाही. तेव्हा "सगळंच सुधारेल" याला आधार नाही. संशोधन थांबलेलं नाही, पुढे चांगलं काही निघेलही. पण आज पूर्ण पॅकेजचे पैसे मोजण्याइतका पुरावा नाही.

तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात आधी खटकलं ते ट्रायहेक्सिफेनिडिल. रिस्पेरिडोनने हात थरथरणं, अंग आखडणं होऊ नये म्हणून ती गोळी देतात, आणि मग ती कित्येकांची वर्षानुवर्षं तशीच चालू राहते. ती स्मरणशक्ती मंदावते, हे चांगलं माहीत असलेलं आहे. ती अजून लागते का, हळूहळू कमी करता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःहून एकदम बंद करू नका. झोप, थायरॉइड, बी-12 हेही बघून घ्या.

दुसरं, कॉग्निटिव्ह रेमेडिएशन. थेरपिस्टबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा बसून लक्ष आणि स्मरणाचे सराव करायचे आणि ते रोजच्या कामाला जोडायचे. याचा पुरावा आरटीएमएसपेक्षा बराच भक्कम आहे, आणि माणूस खरं काम करत असेल तर फायदा जास्त होतो. तुमच्या भावाकडे दुकान आहे, ही मोठी जमेची बाजू आहे.

तरीही आरटीएमएस करायचंच ठरलं तर आधी आणि नंतर मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर चाचणी घ्या, दुसऱ्या वेळी प्रश्नसंच वेगळा हवा, नाहीतर सरावानेच गुण वाढतात. फिट आल्याचा इतिहास, डोक्यात धातू, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), पेसमेकर यातलं काही असेल तर आधी सांगा. फिटचा धोका फार कमी आहे, पण क्लोझापिनसारखी औषधं किंवा रात्रभर जागरण असेल तर वाढतो.

प्रतिसाद: नीलकंठ_७१

ऑनलाइन टीडीसीएसची यंत्रं मिळतात, ती घरी घेऊन लावू नका एवढीच विनंती. मीठपाण्याच्या स्पंजातून एक-दोन मिलिअँपिअरच विद्युतप्रवाह जातो, म्हणून सोपं वाटतं. आमच्या पुतण्याची कातडी भाजली होती. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत यावर संशोधन चालतं. असं कुणी संशोधन म्हणून देत असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत (वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंद आहे का बघा, आणि संशोधनातल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात हेही लक्षात ठेवा.

प्रतिसाद: मृण्मयी_

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, ती गोळी निदान झाल्यापासून चालू आहे. आत्ताच जुने कागद काढून पाहिलं, पहिल्या चिठ्ठीपासून आहे, आणि हात थरथरण्याचा त्रास त्याला आता अजिबात नाही. शनिवारी आमच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, हाच विषय आधी काढते. क्लिनिकला सध्या थांबा म्हणून कळवलं.

भावाला सगळं वाचून दाखवलं. त्याचा एकच प्रश्न होता, सराव दुकानातल्या मालाच्या यादीवर करता येईल का. डॉक्टर, चालेल ना? आणि नाशिकमध्ये किंवा ऑनलाइन, मराठीतून कॉग्निटिव्ह रेमेडिएशन करून घेणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत संदेशात कळवा. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनलाही उद्या फोन करते आहे. तिथल्या शुभंकरांपैकी (रुग्णांची काळजी घेणारे घरचे लोक) कुणी इथे असेल तर जरूर लिहा.