गुन्हेगार आधीच कळला तर?

मुलांच्या रहस्यकथेवरच्या सिनेमात गुन्हेगार शेवटपर्यंत लपलाच पाहिजे, नाहीतर मजा गेली, असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. सत्यजित राय यांनी १९७१ ची स्वतःचीच किशोर कादंबरी 'सोनार केल्ला' १९७४ मध्ये पडद्यावर आणली, तेव्हा नेमकं उलट केलं. पुस्तकात डॉक्टर हाजरा म्हणून वावरणाऱ्या तोतयाचं बिंग गुप्तहेर फेलूदा शेवटी फोडतो. सिनेमात खऱ्या डॉक्टर हाजरांना कड्यावरून ढकललेलं आपण कितीतरी आधी बघतो.

नागपुरात धंतोलीतल्या बंगाली शेजाऱ्यांकडे ऐन मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत, बिल्डिंगमधल्या पोरांसोबत हा सिनेमा पाहिला. बंगाली एकालाही येत नव्हतं. तरी तो तोतया पूर्वजन्म आठवणाऱ्या छोट्या मुकुलशी गोडीगुलाबीनं बोलायला लागला की पोरं अस्वस्थ. एक तर ओरडलाच, "अबे, जाऊ नको ना त्याच्यासंग!" फेलूदाच्या आधी आपल्याला कळलंय, हा ताण लहानांना केवढा धरून ठेवतो! 'कोण?' हा प्रश्न एकदाच पुरतो, 'आता याचं काय होईल?' हा प्रत्येक वेळी नव्यानं छळतो. म्हणून तर पोरांनी तो लगेच दुसऱ्यांदा लावायला लावला. आणि रेल्वे गाठायला पळवलेले उंट आहेतच.