मदत हवी आहे : राजहंसगडावर ड्रोन उडवताना उंची आणि वाऱ्याची मर्यादा कशी धरावी?

सर्वांना नमस्कार. मी बेळगावजवळच्या येळ्ळूर परिसरात राहतो आणि छंद म्हणून 249 ग्रॅम वजनाचा ड्रोन उडवतो. येत्या पावसाळ्यानंतर राजहंसगड आणि त्याच्या पायथ्याची भातशेती चित्रित करण्याची मनापासून इच्छा आहे.

सांबरा विमानतळ जवळ असल्याने डिजिटल स्काय या ड्रोन उड्डाणक्षेत्रे दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर जागा तपासल्याखेरीज मी उड्डाण करणार नाही. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात 400 फुटांपर्यंत, तर विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच परवानगीविना उडवता येते, इतके मला ठाऊक आहे.

खरी अडचण पुढे आहे. रिमोटच्या पडद्यावर दिसणारी ड्रोनची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते. त्यामुळे गडावरून उडवलेला ड्रोन शेताच्या दिशेने गेला, तर आकडा तोच राहूनही जमिनीपासूनचे अंतर वाढत जाते आणि नकळत मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी पायथ्यावरूनच उड्डाण करावे का?

दुसरे, निर्मात्याने वाऱ्याची मर्यादा सेकंदाला 10.7 मीटर दिली आहे, परंतु तटावर झोत अचानक येतात आणि वाऱ्याविरुद्ध परतताना बॅटरी झपाट्याने उतरते. आपण प्रत्यक्षात किती वाऱ्याला उड्डाण रद्द करता, आणि किती टक्के बॅटरी उरताच माघारी फिरता?

सुट्टीच्या दिवशी गडावर लहान मुले असतात. त्यांच्यापासून किमान किती अंतर आपण राखता, हेही कृपया सांगावे.