नान्नजची मचाण-रात्र : थोडी भर

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राण्यांची मोजणी करायची, त्याबद्दल ही थोडी भर. चौघे मित्र एकत्र बसू, असं काहींच्या मनात असतं. मचाणावर सहसा दोघांनाच बसवतात, आणि तेच बरं. चौघे जमले की गप्पा होतात, प्राणी येत नाहीत.

बुद्धपौर्णिमा सोलापूरच्या ऐन उन्हाळ्यात येते, त्यामुळे माणशी ४-५ लिटर पाणी धरा. ऊन उतरण्याआधी मचाणावर चढायचं आणि उजाडेपर्यंत उतरायचं नाही. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी, तीही कापडात बांधून. चुरचुरणारी प्लास्टिकची पाकिटं नकोत. अत्तर, डासांचं वासाचं मलम टाळा. माळावर वारा अडवायला झाडी नसते, वास सरळ पाणवठ्यावर जातो. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपले की अंधाराला पुन्हा सरावायला २०-३० मिनिटं जातात. मोबाईलच्या पडद्याचंही तेच.

नोंदीत खरी चूक होते ती दुबार मोजणीची. काळविटांचा तोच कळप तासाभराने परत येतो आणि आकडा फुगतो. म्हणून प्रत्येक वेळी वेळ, नर-मादी-पिल्लं आणि आल्या-गेल्याची दिशा लिहा. खोकडाच्या (लहान कोल्ह्याच्या) शेपटीचं टोक काळं असतं. तरसाची पाठ मागे उतरती. लांडगा उंच पायांचा. खात्री नसेल तर 'अनोळखी' लिहा, अंदाजाने लांडगा वाढवू नका.

माळढोकाच्या आशेने मात्र जाऊ नका. अभयारण्य त्याच्या नावाचं असलं तरी तो आता क्वचितच दिसतो, आणि रात्री तर नाहीच.