‘मांजरावर पन्नास हजार?’ या पोस्टला सविस्तर उत्तर

सुरसागरकाठ :

‘रावपुरा_जुने’ यांनी परवा लिहिलं की त्यांच्या शेजारी एका आजारी मांजरावर पन्नास हजार खर्च झाले. त्यावर त्यांचा निकाल असा : "हा पैशाचा माज आहे. मांजर काय, दुधाची वाटी ठेवली की दुसरं येतं." खाली बऱ्याच जणांनी ‘अगदी बरोबर’ म्हणून माना डोलावल्या. ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहिते.

आमचा बोका मागच्या उन्हाळ्यात वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, उठायचा, पुन्हा जाऊन बसायचा. थेंबही नाही. सासूबाईंच्या ते आधी लक्षात आलं. म्हणाल्या, "याची लघवी तुंबली आहे, आत्ताच्या आत्ता ने." डॉक्टरांनी पोट चाचपलं तर मूत्राशय संत्र्याएवढं, टणक. बोक्यांची मूत्रनलिका फार अरुंद असते. तिथे बारीक खडे किंवा चिकट बोळा अडकला की लघवी मागे साचते, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदयच बंद पडतं. उशीर झाला तर दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. आमच्याला भूल देऊन कॅथेटर घातला, नलिका धुतली, सलाईनवर ठेवला. बिल झालं ३२,०००. आज तो ठणठणीत आहे, फक्त कोरडं खाणं बंद करून ओलं सुरू केलंय आणि पाण्याच्या वाट्या घरात जागोजागी ठेवल्यात.

हा माज झाला का? आमच्या घरी दोन पगार आहेत, पण ३२,००० आम्हालाही सहज निघाले नाहीत. दिवाळीतला फ्रिज पुढे ढकलला.

माझं म्हणणं एवढंच, की खर्चाच्या आकड्यावरून काही ठरत नाही. आजार कुठला आणि त्या पैशात जनावराच्या पदरात काय पडणार, यावर ठरतं. लघवी तुंबलेल्या बोक्याला त्यात पुढचं सगळं आयुष्य मिळतं. मांजरांतला एफआयपी हा विषाणूचा आजार काही वर्षांपूर्वी म्हणजे सरळ मरणच होता. आता रेमडेसिव्हिरच्या कुळातली औषधं साधारण १२ आठवडे दिली की बरीचशी मांजरं बरी होतात. तेच पैसे किडनी पूर्ण गेलेल्या म्हाताऱ्या मांजरावर घातले तर त्याला मिळतात पिंजऱ्यातले चार दिवस आणि हातापायाला सुया. रक्कम तीच, पण या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका. डॉक्टरांना सरळ विचारायला शिकूया : या पैशात याला काय मिळेल?

रावपुरा_जुने :

ताई, माझ्यावर एवढा मोठा निबंध लिहिलात, आता माझंही ऐकून घ्या. मी प्राण्यांचा शत्रू नाही. आमच्या वाड्यात कायम मांजरं असायची. आजी ताक-भात घालायची, जखम झाली तर हळद लावायची. जगली तर जगली, नाहीतर परसात पुरायची आणि आम्ही पोरं रडायचो. कोणी बिलं फाडत नव्हतं.

माझे वडील गेले तेव्हा मी सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात चटई टाकून रात्री काढल्या आहेत. खासगीत न्यायची ऐपत नव्हती. ज्या घरात मांजरावर पन्नास हजार गेले, त्याच घरी भांडी घासणाऱ्या बाईंनी मुलीच्या फीसाठी पाच हजार उसने मागितले तेव्हा ‘या महिन्यात जमणार नाही’ म्हणून सांगितलं. मला हे डोळ्यांसमोर दिसतं हो. तुम्ही पोटॅशियम सांगता, मी हे सांगतो.

आणि डॉक्टर तरी काय, गेलं की रक्त, एक्सरे, सोनोग्राफी. पूर्वीचे डॉक्टर डोळे आणि जीभ बघून सांगायचे.

शिवाय हेच लोक सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुत्री घेऊन येतात. माझ्या बायकोला दम्याचा त्रास आहे. बोललं तर म्हणतात कायदा आहे.

न्यायमंदिर_वकील :

लिफ्टचं एका ओळीत : प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही. पण तुमची बायको लिफ्टमध्ये असताना थांबून पुढच्या फेरीला जायला कुत्रेवाल्यांनाही कोणी अडवलेलं नाही. तो विषय इथे नको.

मांजलपूरकर :

मूळ दुखणं वेगळंच आहे आणि त्यावर कोणीच बोलत नाही. बिल दवाखान्यात होत नाही, ते कुत्रं विकत घेतलं त्या दिवशीच होतं. बडोद्याचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे, पारा चाळिशीच्या वर. त्यात लोक सायबेरियाची हस्की पाळतात, जिच्या अंगावर केसांचे दोन थर. पग पाळतात, ज्याचं नाक इतकं चपटं की धाप टाकून अंग थंड करणंही त्याला जमत नाही. मग उष्माघात झाला, नाकपुड्या मोठ्या करायचं ऑपरेशन केलं, त्वचेचे रोग झाले की आकडे सांगत फिरतात. सोसायटीच्या गेटवरचं देशी कुत्रं घ्या ना घरात. त्याला हे काही होत नाही.

अलकापुरी_टेरेस :

आमच्याकडे पग आहे. नऊ वर्षांचा. आम्ही त्याला आणला तेव्हा एवढं कोणी सांगितलं नव्हतं, विकणाऱ्याने तर नाहीच नाही. आता काय करायचं? बाहेर सोडून द्यायचा? तुम्ही लिहिलंय त्याचा अर्थ तोच होतो.

मांजलपूरकर :

सोडा असं मी कुठे म्हटलं? दुसरा घेऊ नका म्हणतोय. तुमच्या पगचे फोटो बघून तुमच्या भाचीने पग घेतला असणार, पैजेवर सांगतो.

अलकापुरी_टेरेस :

भाचीला मीच अडवलं. तिने एका दुकानाच्या पायरीवरचं पिल्लू उचललं, देशी. आणि ऐका, तुमच्या त्या ‘काही होत नाही’वाल्या देशी पिल्लाला महिन्याभरात पार्व्हो हा विषाणूचा आजार झाला. रक्ताची जुलाबं, उलट्या, रात्रभर सलाईन. आमच्या पगपेक्षा जास्त बिल झालं. आता बोला.

मांजलपूरकर :

लस दिली नव्हती. तो दोष देशीचा नाही, लसीचा.

अलकापुरी_टेरेस :

मग तसं म्हणा! देशी म्हणजे लोखंडाचं, हे तुम्हीच पसरवता. लोक ते ऐकतात, लस देत नाहीत, गोचीड काढत नाहीत आणि गोचीडतापाने कुत्रं फिकट पडलं की म्हणतात ‘देशी आहे, होईल बरं’.

मांजलपूरकर :

लसीचं मान्य. हस्कीचं अजूनही मान्य नाही. बडोद्यात हस्की म्हणजे क्रूरपणा, यावर मी एक पाऊल मागे येणार नाही. एसी बंद पडला, दोन तास वीज गेली, मग?

अलकापुरी_टेरेस :

हस्कीचं मीही मान्य करते. एवढ्यावर तरी थांबा.

कारेलीबाग_काकू :

तुमची हस्की-पगची मारामारी वाचून थकले. मूळ प्रश्नाकडे या.

सुरसागरकाठ, तुझं सगळं पटलं, एक वाक्य सोडून. ‘किडनी गेलेल्या म्हाताऱ्या मांजराला पिंजऱ्यातले चार दिवस’. तू हे कुठून आणलंस? माझी मनी तेरा वर्षांची असताना तिचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, हे रक्तात दिसेपर्यंत किडनीचं तीन-चतुर्थांश काम आधीच गेलेलं असतं. पण त्यांनी ॲडमिट केलं नाही. मला घरी सलाईन द्यायला शिकवलं.

शिरेत नाही, कातडीखाली. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, नाहीतर गार लागतं आणि मांजर उडी मारतं. बाटली पडद्याच्या दांडीला टांगायची. मनीला मांडीवर टॉवेलात घ्यायचं, खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत वर उचलायची की तिचा छोटा तंबू होतो, त्यात सुई आडवी सरकवायची. आत गेली की हाताला हलकीशी ‘टप्’ जाणवते. मग पाणी उतरतं आणि पाठीवर आवाळू आल्यासारखं दिसतं. संध्याकाळपर्यंत ते सरकून पुढच्या पायाशी येतं आणि जिरून जातं. पहिल्यांदा माझे हात लटलटत होते. नंतर सुई जाताना ती डोळेसुद्धा उघडत नव्हती.

खर्च? बाटली आणि सुया, केमिस्टकडे मिळतात. महाग असतं ते किडनीचं खाणं आणि वरचेवर रक्त तपासणं. दोन दिवाळ्या काढल्या तिने त्यावर. गच्चीवर उन्हात बसायची, खंडेराव मार्केटमधनं आणलेला माशाचा तुकडा कधीमधी पळवायची. रावपुरावाले दादा, याला माज म्हणणार असाल तर म्हणा.

शेवटी खाणं पूर्ण सुटलं तेव्हा मीच डॉक्टरांना म्हटलं, आता सोडवा हिला. त्यावर शेजारच्या बेन दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणाल्या, जीव घेतलास, पांजरापोळात ठेवायची होतीस.

सुरसागरकाठ :

काकू, तुम्ही सांगता त्या मांजराची किडनी पूर्ण गेलेली नव्हती, थोडी शिल्लक होती. मी अगदी शेवटच्या टप्प्याबद्दल लिहिलं होतं. पण घरच्या सलाईनचं तुम्ही लिहिलंत ते सगळ्यांना कळायला हवं. शहरात कितीतरी जणांना हे माहीतच नाही.

आणि बेनचं मनावर घेऊ नका. पांजरापोळ गुजरातची मोठी परंपरा आहे, गाईगुरांना तिथे आसरा मिळतो. पण खाणं सोडलेलं मांजर तिथे कोण मांडीवर घेऊन बसणार होतं?

न्यायमंदिर_वकील :

कायद्याचंही सांगतो, कारण इथे दर वेळी हा वाद निघतो. १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच हे गृहीत धरलेलं आहे, की जनावराला जिवंत ठेवणंच क्रूरपणा ठरत असेल तर त्याला वेदनेशिवाय सोडवता येतं. काकूंनी पाप केलेलं नाही.

रावपुरा_जुने :

काकू, तुमच्या मनीला माज म्हणत नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने केलंत. माझा राग पैसे फेकून मोकळं होणाऱ्यांवर आहे. मांजर पाच दिवस दवाखान्यात, मालक गोव्यात.

पण तपासण्यांचं उत्तर कोणी दिलं नाही. आणि एवढी औषधं लागतात कशाला? आमच्याकडे मांजराला ताप आला की क्रोसिनची पाव गोळी दुधातनं...

आणंद_शिकाऊ :

थांबा, दादा, कृपा करून थांबा. मी आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि मांजराला ते विष आहे. आपलं यकृत ते पचवून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृतात ती सोयच अपुरी आहे. रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एका गोळीने मांजर मेलेलं आहे, पाव गोळीही देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यालाही नाही. पूर्वी ‘जगली तर जगली’ म्हणत होतात ना, त्यातली काही या गोळ्यांनी गेली असतील.

तपासण्यांचं : दुखतं कुठे ते जनावर सांगत नाही. मांजर तर दुखणं लपवतं. डोळे-जीभ आम्हीही आधी बघतोच, पण पिवळेपणा यकृताचा की गोचीडतापाचा, हे डोळ्यांनी कळत नाही. मात्र, प्रत्येक शिंकेला सोनोग्राफी लागत नाही, हेही खरं. ‘या तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार आहे का?’ असं विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर ती तूर्त करू नका. आणि अंदाजे खर्च आधी लिहून मागा. मागितल्यावर चांगला डॉक्टर चिडत नाही.

परवडत नसेल त्यांनी आणंदला यावं. बडोद्याहून चाळीसेक किलोमीटर. रांग लागते, विद्यार्थी हात लावतात, अर्धा दिवस जातो, पण खासगीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. रस्त्यावरचं जखमी जनावर असेल तर १९६२ ला फोन करा.

माझी स्वतःची तक्रार मात्र लिहितोच. वॉर्डात सगळ्यात महागडी ऑपरेशनं ज्यांची होतात, त्यात कितीतरी अशा कुत्र्या असतात ज्यांचं वेळेवर नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसतं. सात-आठ वर्षांची कुत्री, पाणी ढसाढसा पिते, मागून घाण वास. गर्भाशय पुवाने भरलेलं. मध्यरात्री पोट उघडावं लागतं. मालक सांगतात, ‘एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत असं म्हणतात ना.’ कोण म्हणतं हे? आणि पुराचं घ्या. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी घराघरांत शिरली. उंदरांच्या मुतातनं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा जंतू, त्याच पाण्यात येतो. त्याची लस कुत्र्याच्या वार्षिक लशीतच मिळू शकते, तरी कितीजण देतात? हजार-दीड हजार वाचवतात आणि नंतर किडनी-लिव्हरसाठी चाळीस हजारांवर वाद घालतात.

मांजलपूरकर :

हेच तर मी सुरुवातीपासून सांगतोय.

अलकापुरी_टेरेस :

तुम्ही हस्की सांगत होतात.

रावपुरा_जुने :

क्रोसिनचं माहीत नव्हतं. पुन्हा देणार नाही, सुनेलाही सांगितलं.

बोक्याचंही मान्य. बरा होणार असेल आणि देणाऱ्याकडे असतील तर द्यावेत, मी कोण अडवणार. पण सुरसागरकाठ, कामवालीच्या मुलीच्या फीला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. एवढं मोठं लिहिलंत, त्यावर एक ओळ नाही. ज्याच्याकडे मांजराला पन्नास हजार आहेत त्याच्याकडे पाच नाहीत, हे मला पटणार नाही, तुम्ही कितीही आजार सांगा.

सुरसागरकाठ :

त्यावर उत्तर देते. तुमच्या शेजाऱ्यांनी फी द्यायला हवी होती. ती मांजराचा उपचार थांबवून द्यायला हवी होती असं मला वाटत नाही, गोव्याचा एक दिवस कमी करून द्यायला हवी होती. तुम्हीच लिहिलंत ना ते गोव्याला होते म्हणून. आपण हिशेब मागतो तो नेहमी मांजराच्याच पैशांचा. लग्नातल्या दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचा कोणी मागत नाही.

मुलीची शाळा कुठली आणि फी अजून भरायची आहे का, ते मला निरोपात कळवा.

रावपुरा_जुने :

भरायची आहे. कळवतो. गोव्याचं बरोबर आहे तुमचं, पण पन्नास हजार मला अजूनही जास्तच वाटतात.